मीठे मास्तर

कुणी काही विचारलं की मीठे मास्तर आधी ओठ मिटून घेत आणि कालवणाची चव पाहावी तसे क्षणभर गप्प राहत. मग बोलत. त्या एका क्षणासाठी वखारीतली माणसं हातातलं काम थांबवत. मी बोललो तर कुणी मान वर करत नसे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

विलायतेला दुसरीकडचा कापूस मिळेनासा झाला होता आणि अमरावतीच्या रस्त्यांत कापसाच्या बैलबंड्या मावत नव्हत्या. शेठच्या वखारीत मी दिवाणजी. कुठली बंडी आधी सोडायची, सरकी काढणाऱ्या कुठल्या बाईने कुठे बसायचं, सगळं सकाळीच ठरवून ठेवायचो. मास्तर नगरकडून आले ते काट्यावर मापारी म्हणून. ख्रिस्ती होते, पूर्वी मिशनच्या शाळेत शिकवलेलं. दुपारी डोळे मिटून प्रार्थना केल्याशिवाय शिदोरी सोडत नसत आणि रविवारी काट्याला हात लावत नसत.

"बोलण्यात मीठ हवं," ते म्हणायचे. "नसलं तर अळणी, जास्त झालं तर तोंडात धरवत नाही." अचलपूरचे बंडीवाले करीमचाचा यातलं 'मीठ' तेवढं ऐकून खूष झाले, त्यांच्या बोलीत मीठा म्हणजे गोड. "वा, मीठे मास्तर!" नाव पडलं ते पडलंच. मी समजावलं, "चाचा, ते गोड नव्हे, खारट म्हणतायत." चाचा म्हणाले, "खारे तो आप हो, दिवाणजी." बायका पदराआड हसल्या. चुकून का होईना, गोड नाव मास्तरांना गेलं.

एकदा एका दलालाने सगळ्यांदेखत टोमणा मारला, "काय मास्तर, बाटलात तेव्हा काय काय बाटलं?" मास्तरांनी चव घेतली. "आधी जीभ बाटवली. तीच फार त्रास देत होती." दलाल पोट धरून हसला आणि त्याने तपकिरीची डबी पुढे केली. एवढ्या वर्षांच्या ओळखीत ती डबी माझ्यापुढे कधी उघडली नव्हती.

अकोल्याला आगगाडी येणार म्हणून शेठ तिथे नवी वखार काढत होता. कारभारी मीच होणार असं मी धरून चाललो होतो. कुठलं सामान कुठल्या पेटीत, तेही बायकोला सांगून झालं होतं. नेमके तेव्हाच करीमचाचांचे बोजे ओले निघाले. वजन वाढवायला कापसावर पाणी मारायची चाल तेव्हा बोकाळली होती. मी ओरडलो, "ही बंडी पुन्हा दारात दिसायची नाही!" चाचांनी तोंड फिरवलं.

"काहून ओरडून राहिले जी?" सरकी काढणारी गंगाबाई म्हणाली. "त्याले बोलू तं द्या."

पण चाचा मला काही सांगेनात. मास्तर काट्यावरून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसले. "चाचा, कापूस ओला आहे. असा मी तोलणार नाही. पण ओला कसा झाला, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

चाचांचा आवाज फुटला. "पूर्णेच्या उतारावर चाक घसरलं, मास्तर. बैल डूब रहा था. कापूस देखता की बैल?"

बैलाचा गुडघा सोलला होता, तो मग सगळ्यांनी पाहिला. कापूस उन्हात वाळवून तोलला. ओला होता हे मीच आधी सांगितलं होतं. पण चाचांची रोजी वाचवल्याचं नाव मास्तरांचं झालं, आणि शेठ माडीवरून पाहत होता. त्याने मास्तरांना वर बोलावलं. अकोला गेलं, मी समजलो.

ते खाली आले तेव्हा मी विचारलं, "कधी निघताय?"

"निघायचं तुम्हाला आहे," मास्तर म्हणाले. "शेठना सांगितलं, दिवाणजींचा आवाज चढतो, तो त्यांनी उतरवावा. पण त्यांच्या कारभारात लबाडाला सूट नाही आणि गरिबाच्या मापात खोट नाही. नव्या जागी असाच माणूस हवा."

माझं इतकं नेमकं कौतुक मला स्वतःलाही करता आलं नसतं. तेच सर्वांत झोंबलं.

मास्तर पुढे तापाने गेले. ती बातमी घेऊन करीमचाचा अकोल्याला आले, तेव्हा मी एका गाडीवानाचं गाऱ्हाणं ऐकत होतो. ओठ मिटून थांबलो, मग उत्तर दिलं. चाचा बघत होते.

"अच्छा है, दिवाणजी," ते म्हणाले. "लेकिन मीठे मास्तर की बात और थी."

जिभेवर उत्तर आलं होतं. मी चव घेतली.

"होती खरी, चाचा," म्हणालो.