दोन-दहाचं माप

"माज्या टाळक्यात नाय शिरलं. परत सांग."

जुन्नरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी बांगड्यांचं दुकान होतं. त्या दुकानातली चाची दिवसातून दहा वेळा तरी हे वाक्य म्हणायची. गिऱ्हाइकाला नव्हे, गिऱ्हाइकाशी ती फार बोलतच नसे. बाईने हात पुढे केला की अंगठा आत दुमडून हात चारी बाजूंनी दाबायची, "दोन-सहा" नाहीतर "दोन-चार" असं माप सांगायची आणि मागे न बघता नेमका खोका ओढायची. टाळक्यात न शिरण्याचा मान तिने मुलांसाठी राखून ठेवला होता. त्यातही एका मुलासाठी जरा जास्तच. तो मुलगा माझा, तुषार.

सरळ सांगून टाकते, मी या बाईवर कितीतरी वर्षं जळत होते. डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारी बाई एका अंगठा उठवणाऱ्या बांगडीवालीवर जळते म्हणजे काय, असं तुम्ही म्हणाल. मीही स्वतःला तेच म्हणायची, आणि तसं म्हटलं की जास्तच जळायची.

त्याचं असं झालं. माझे यजमान पिंपरीला कारखान्यात, रविवारी घरी येणार. माझी शाळा जुन्नरपासून पाऊण तासावरच्या गावात. तुषार तेव्हा दुसरीत होता. त्याची शाळा पाचला सुटायची आणि मला घेऊन येणारी एसटी आली तर सहाला यायची. मधला तासभर त्याला कुठे ठेवायचं? चाचीला मीच विचारलं होतं. "बसल की खोक्यावर. त्याला किती जागा लागती?" ती म्हणाली. बदल्यात काही घ्यायला मात्र तिने साफ नकार दिला.

आता माझ्या घरातलं ऐका. माझ्या वर्गातली अडतीस मुलं दिवाळीपर्यंत जोडाक्षरं वाचायला लागायची. साहेब तपासणीला आले की मुख्याध्यापक त्यांना आधी माझ्या वर्गावर आणायचे. आणि माझ्या पोटच्या पोराला मी "पुस्तक काढ" म्हटलं की त्याच्या पोटात दुखायला लागायचं. मी त्याच्या शेजारी पेन्सिल घेऊनच बसायची. तो एकदा अडखळला की मी शब्द सांगून मोकळी व्हायची, दुसऱ्यांदा अडखळला की माझा आवाज चढायचा, तिसऱ्यांदा त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं. गणितात हातचा विसरला की वही ओढून मीच तो मांडून द्यायची. वर्गातल्या मुलांशी मी अशी कधीच वागले नाही. पण वर्गातली मुलं मागे पडली तर कुणी मला "शिक्षिकेचं पोर असून" असं म्हणणार नव्हतं.

एकदा शाळा लवकर सुटली आणि मला अलीकडची एसटी मिळाली. गल्लीत शिरले तर दुकानातून तुषारचा आवाज येत होता, चांगला मोठा, खणखणीत. तो मराठीचा धडा वाचत होता. मी दाराआडच थांबले. चाची काचेच्या बांगड्या डझनाडझनाने सुतळीत ओवत होती. एका शब्दाला तो अडला. मी मनात तो शब्द म्हणून टाकला. चाची काहीच बोलली नाही. बोलणार कशी, तिला तो वाचताच येत नव्हता. तिचे हात चालूच राहिले. तुषारने तो शब्द एकदा तोडला, दोनदा तोडला आणि तिसऱ्यांदा बरोबर म्हटला.

"मग? पुढं काय झालं त्या म्हातारीचं?" चाचीने विचारलं.

त्याने घाईघाईने पान उलटलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली, हा हिच्यासाठी वाचतो आणि माझ्यासाठी वाचत नाही. मी मुद्दाम चपला वाजवत आत गेले आणि म्हटलं, "चल, उशीर झाला." त्याने पुस्तक मिटलं आणि दप्तर उचललं. धडा तसाच राहिला. म्हातारीचं काय झालं हे चाचीला दुसऱ्या दिवशी कळलं असेल.

मग मी तिच्यावर पाळतच ठेवली. तुम्हीही अशी पाळत कधी ना कधी ठेवली असेल, म्हणून सांगायला लाजत नाही. ती काही शिकवत नव्हती. गणिताचं उत्तर बरोबर आलं तरी "कसं काय?" म्हणून विचारायची आणि चूक आलं तरी तेच विचारायची, त्याच सुरात. एकदा पाच डझनांच्या साठच बांगड्या कशा, यावर ती दोन दिवस अडून बसली होती. तुषारने शेवटी दुकानाच्या फरशीवर पाच रंगांच्या बांगड्या मांडून तिला एकेक मोजायला लावली. तेव्हा कुठे ती म्हणाली, "कबूल." आयुष्यभर डझनावर पोट भरणाऱ्या बाईला पाच डझन माहीत नव्हते का? पण हे त्याला सांगण्याचं माझं धाडस झालं नाही, कारण त्या संध्याकाळी तो घरभर उड्या मारत होता.

मी तिची नक्कल करून पाहिली. एका रविवारी त्याच्या वहीत डोकावून मी शक्य तितक्या भाबडेपणाने म्हटलं, "मला नाही बाई समजलं. सांग बघू."

त्याने वहीवरून मान वर केली. "आई, तू बाई आहेस. तुला येतं. उगाच नाटक करतेस," तो म्हणाला आणि त्याच्या पोटात दुखायला लागलं.

वर्गातही मी हा प्रयोग केला. अडतीस मुलं खो-खो हसली.

अशी दोन वर्षं गेली. तो वाचत होता, गणितं सोडवत होता, आणि मी त्याचं श्रेय घेत होते. शेजारणी म्हणायच्या, शिक्षिकेचं पोर ते. मी मान हलवायची. मग चौथीत, स्कॉलरशिपच्या सराव परीक्षेत, त्याला चढत्या क्रमाने लावायला संख्या आल्या होत्या: २.८, २.१० आणि २.४. त्याने ऐटीत लिहिलं होतं, २.४, २.८, २.१०. खाली लाल फुली होती. मी विचारलं, हे कुठून आणलंस? तो म्हणाला, चाचीच्या खोक्यांवर असंच लिहिलेलं असतं, दोन-दहा सगळ्यांत मोठं.

मी त्या फुलीचीच वाट पाहत होते, असं आज वाटतं. तशीच उठले आणि दुकानात गेले. कळंबहून आलेल्या दोघी मायलेकी बांगड्या भरत होत्या. त्यांच्यादेखत मी म्हटलं, "चाची, जे आपल्याला येत नाही ते पोराला शिकवू नये. त्याचं वर्ष फुकट जाईल."

तिच्या हातात त्या मुलीचा हात होता. तो तिने सोडला नाही. हळूच बांगडी सरकवली आणि म्हणाली, "बरं, बाई."

एवढंच ती बोलली. दुसऱ्या दिवसापासून मी तुषारला शिकवणीला घातलं. शिकवणीत वीस मुलं रांगेत बसून पाढे म्हणायची. तो तक्रार न करता जायचा. पण घरी त्याने मोठ्याने वाचणं सोडलं. पुस्तक डोळ्यांसमोर धरून नुसते ओठ हलवायचा. काही विचारलं तर "हो" नाहीतर "नाही" म्हणायचा. मी पेन्सिल टाकून दिली, ओरडणं बंद केलं, कुल्फी आणली, तरी काही बदललं नाही. तीन आठवड्यांत पोर माझ्याच घरात पाहुण्यासारखं वागायला लागलं. मला मनातून भीती वाटायला लागली की हा आता वाचणंच टाकून देणार, आणि मलाही.

त्याच सुमाराला माझ्या भाचीचं लग्न ठरलं. हिरव्या बांगड्या भरायच्या होत्या आणि चाचीकडे जायला तोंड नव्हतं. मी पेठेतल्या दुसऱ्या दुकानात गेले. आजवर माझा हात चाचीच दाबायची, त्यामुळे स्वतःचं माप मी कधी लक्षातच ठेवलं नव्हतं. दुकानदाराने माझ्या हाताकडे बघून २.१० लिहिलेला खोका पुढे केला. मी म्हटलं, माझा हात थोराड आहे, एवढ्या लहान नकोत, तो दोन-आठचा द्या. तो काहीतरी बोलणार होता, पण माझा चेहरा बघून गप्प बसला असावा. बांगड्या मी घरी येऊन चढवायला घेतल्या. एकही अंगठ्याच्या वर सरकेना. ओढताना दोन वाढल्या आणि फुटक्या काचेने मनगटाला ओरखडा आला.

तुषार कोपऱ्यात बसून बघत होता. "तुझं माप दोन-दहा आहे," तो म्हणाला. "चाचीने मला सांगितलंय."

"अरे, पण दोन-दहा लहान ना?"

"मोठं."

"कसं काय?"

हे मी नक्कल म्हणून विचारलं नव्हतं. माझं मनगट झोंबत होतं आणि मला खरोखर कळत नव्हतं. ते त्याच्या लक्षात आलं. तो उठून माझ्याजवळ आला. "तुला खरंच माहीत नाही?" त्याने विचारलं. मी म्हटलं, नाही माहीत.

मग त्याने वही घेतली. म्हणाला, आठ आणे म्हणजे अर्धा रुपया, हो ना? आणि रुपयात सोळा आणे असायचे. बांगडीचा इंचही तसाच, सोळा आण्यांचा. दोन-आठ म्हणजे दोन इंच आठ आणे, अडीच. दोन-दहा म्हणजे आणखी दोन आणे जास्त. त्याने सोळा चौकोन काढले आणि आठ रंगवले, मग दहा रंगवले. माझा एक प्रश्न राहिला होता, तो विचारला. त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. अर्धा तास तो माझ्याशी बोलत होता. त्याचे कान लाल झाले होते, शब्द एकमेकांवर आदळत होते, आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत बसले. हे तोंड रोज संध्याकाळी पाच ते सहा ती बघत होती. दोन वर्षं.

मी त्याला घेऊन तशीच दुकानात गेले. म्हटलं, "चाची, त्या दिवशी माझं चुकलं."

तिने माझा हात ओढून ओरखडा पाहिला. "बसा," म्हणाली. मग खोका काढता काढता बोलली, "बाई, माजी तीन पोरं शाळेत न्हाई टिकली. एकाचंबी पुस्तक मी कदी ऐकलं न्हाई. मला वाटायचं, आपल्याला येत न्हाई तर आपून काय ऐकायचं? म्हनून ह्याचं ऐकती. ह्याला शिकवाय म्हनून न्हाई."

मी हात पुढे केला. तिने माझ्या बांगड्या भरल्या आणि तुषारकडे वळून विचारलं की फुली कशापायी पडली. शाळेतला रुपया दहाच आण्यांचा असतो, तो म्हणाला. "मग सा आणे गेलं कुटं?" चाचीने विचारलं. झालं, दोघं भांडायला लागले. तिला शाळेतला दशांश पटेपर्यंत त्याने तिला तीन वेळा समजावलं. पुढच्या परीक्षेत त्याचा असा एकही प्रश्न चुकला नाही. त्या दिवशी मात्र मी खोक्यावर बसून त्यांचं भांडण ऐकत होते. पश्चात्ताप झाला होता, कृतज्ञही होते, आणि पुन्हा जळतही होते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी होतात, कुणी नाही म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

त्यानंतर तुषार मलाही सांगू लागला, पण मला खरंच माहीत नसलेलं असेल तेवढंच. सुदैवाने माझ्या अज्ञानाचा साठा मोठा निघाला. पतंगाचा मांजा, क्रिकेटमधली सरासरी, पुढे कॉम्प्युटर. तरी नवं काही कळलं की आधी तो गल्लीच्या तोंडाशी थांबायचा आणि मग घरी यायचा. माझ्यापर्यंत गोष्ट पोचेपर्यंत ती एकदा सांगून झालेली असायची.

तो पुण्याला नोकरीला लागला त्या वर्षी चाची गेली. सकाळी मी शाळेत जायच्या तयारीत होते तेव्हा फोन वाजला. तुषारचा होता. "आई, चाची पहाटे गेली. मी निघालोय." चार घरं सोडून घडलेली गोष्ट मला पुण्याहून कळली. तिच्या मुलीने आधी त्याला फोन केला होता.

मी तिथे गेले, बायकांत बसले. दुकानाची फळी लावलेली होती. तुषार एसटीतून उतरला तो थेट तिकडेच आला, खांदा दिला, माती दिली आणि दुपारी घरी येऊन जेवला. मी वाढत होते. तो फार जेवला नाही. मी पाहत होते की हा रडतो का, आणि किती रडतो. एवढं वय झालं, पेन्शन जवळ आली, तरी मी मोजत होते.

"माझ्या वेळी असाच धावत येशील ना रे?" मी विचारलं, आणि विचारल्याक्षणी जीभ चावली.

त्याने ताट सरकवलं. हात धुऊन आला आणि स्वयंपाकघरात माझ्या शेजारी पाटावर बसला. मी म्हटलं, तुला उद्या कामावर जायचंय, संध्याकाळी सहाची एसटी आहे. तो हो म्हणाला. सहा वाजले, सव्वासहा वाजले. तो उठला नाही, आणि मीही त्याला परत सांगितलं नाही.