आकड्यांपाशी पेटणारा ठिपका
मोबाइलवर गजर लावताना सकाळ की संध्याकाळ, हे मी अजूनही तीनदा बघते. आणीबाणी उठल्याच्या पुढच्या वर्षी ताईनं मुंबईच्या सासरहून जऊळक्याला आमच्याकडे लाल आकड्यांचं विजेचं घड्याळ आणलं. संध्याकाळची वेळ असली की आकड्यांपाशी ठिपका पेटतो, हे तिनं मला दाखवलं होतं. पण नोकरीच्या मुलाखतीसाठी पहाटेची गाडी गाठायची धास्ती. पाचचा गजर लावताना मी ठिपका बघितलाच नाही. आई पहाटेच उठली होती, पण घड्याळ उठवणारच म्हणून तिनं मला हात लावला नाही. जाग आली ती सुटलेल्या गाडीच्या शिट्टीनं. घड्याळ वाजलं संध्याकाळी पाचला. "खोटं हाय तुह्यं घड्याळ," बाबा ताईवर तडकले. तिनं ते पिशवीत घातलं. चूक कोणाची, हे मला कळलं होतं. ताई आजही म्हणते, "माह्या घड्याळापायी तुही नौकरी गेली वं." मी तिला चहा हवा का, ते विचारते.