सुभेदारांच्या घरची सकाळची गोळी

कराडात मनोविकारांच्या डॉक्टर मॅडमच्या दवाखान्याला लागूनच माझं मेडिकल आहे. दिवसभर काउंटरवर उभं राहायचं, गोळ्या द्यायच्या आणि किस्से घ्यायचे. पूर्वी एडीएचडीची, म्हणजे लक्ष न लागण्याच्या आणि एका जागी बसवत नसण्याच्या त्रासाची, चिठ्ठी आली की पेशंट शाळकरी पोरगा, हे ठरलेलं. आता वय वाचल्याशिवाय मी तोंड उघडत नाही. एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय.

*

कडेगावची मंगलताई दर महिन्याला लेकाच्या गोळ्या न्यायची. एकदा चिठ्ठी घेतली आणि सवयीनं सांगितलं, "नाश्ता झाल्यावर द्या. एका जागी बसतो का, शाळेतल्या बाईंना विचारा."

"आवं दादा, ही माझी हाय. मला कुठली बाई?"

वय एकोणचाळीस! झालं होतं असं, की मॅडम लेकाबद्दल एकेक प्रश्न विचारत होत्या आणि ही प्रत्येकाला "मी बी तशीच" म्हणत होती. शेवटी मॅडमनी तिलाच तपासलं.

*

ताई अंगणवाडीत सेविका. मुख्यसेविका व्हायला पदवी पाहिजे आणि हिचं बीए एका पेपरावर अडकलेलं. तीनदा बसली, तिन्ही वेळा तासाभरात पेपर देऊन बाहेर. उत्तरं येत होती, बसवत नव्हतं. यंदाची संधी शेवटची होती.

*

सासरे रिटायर्ड सुभेदार. पहिल्यांदा आले ते मलाच झापायला. "पलटणीत असला आजार कवा बघितला न्हाई. दोन किलोमीटर पळवा, सगळी सरळ हुत्यात."

मॅडमनी त्यांना आत बसवून नीट समजावलं. दुसऱ्या दिवसापासून घरात नाश्ता झाला की शिट्टी. सून आणि नातू पाण्याचा पेला घेऊन रांगेत. एक दिवस खाडा नाही.

*

परीक्षांच्या दिवसांत फलटणचा एक बाप आला. "पोरगं दहावीला हाय. अभ्यासाच्या गोळ्या द्या."

"चिठ्ठी?"

"चिठ्ठी कशाला? चांगलं धडधाकट हाय की."

सुभेदार शेजारीच उभे होते. त्यांनी त्याचा खांदा धरून त्याला दवाखान्याच्या दाराकडं वळवलं. "आधी मेडिकल तपासणी, मग भरती."

*

ताईच्या पेपरचं सेंटर आमच्या मागच्याच गल्लीत आलं. मला दुकानात राहवेना. काउंटर बायकोकडं दिलं आणि गेलो. गेटवर सुभेदार होतेच.

एक तास झाला. चार पोरं बाहेर आली, ताई नाही. दोन तास झाले. शेवटची घंटा झाली, सगळे आले, तरी ताई नाही. सुभेदारांचा चेहरा उतरला.

मग आली. सगळ्यांच्या मागून, बोटं शाईनं माखलेली. "दोन पुरवण्या घेतल्या मामा. येळच पुरला न्हाई."

सुभेदारांनी भर रस्त्यात खाडकन सॅल्यूट ठोकला. ताई रडायला लागली. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू. (पास झाली. आता मुख्यसेविका आहे.)

वॉचमन आपली खुर्ची उचलत म्हणाला, "सून बसली वो तीन तास. पर सुभेदार, मी खुर्ची दिली, तुमी एक मिनिट टेकला न्हाईसा."

सुभेदारांनी खुर्चीकडं बघितलं. मग सुनेकडं.

"मंगल," म्हणाले, "मॅडमकडं माझा बी नंबर लाव."