न्हाणीतल्या फरशीला टाकी

आबाजी न्हाणीत घसरून पडले त्या दिवशी मी कॉलेजात होते. घरी आले तेव्हा ते बाजेवर आडवे होते आणि माय त्यांच्या कमरेला शेक देत होती. हाड मोडलं नव्हतं. पण कंबर काळीनिळी झाली होती.

आबाजी म्हणजे माझे आजोबा. देवळीजवळ आमचा भाजीपाल्याचा मळा आहे. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वेलावरची कारली, दोडकी. आंघोळ केल्याशिवाय आबाजींनी कधी मळ्यात पाय ठेवलेला मी पाहिला नाही. पडल्यानंतर बाबांनी ठरवलं, की आंघोळीच्या वेळी आपण आत उभं राहायचं. आबाजींना लाजेनं ते जमेना. पहिल्या दिवशी ते अंगावर एकच गडवा पाणी ओतून बाहेर आले. मग थंडी वाजते म्हणाले. मग आंघोळच टाळू लागले, आणि मळ्यात जाणंही बंद झालं.

तेवढ्यात सावंगीहून आत्याचा फोन आला. "दादा, माया घरी टाइल्सची बाथरूम हाय, कमोड हाय. भाऊबीजेले येतो मी, अन् आबाले घेऊनच जातो."

बाबा नाही म्हणाले नाहीत. फोन ठेवून एवढंच बोलले, "एकट्यानं आंघोय जमली त राहतील इथं. नाई त मी तरी काय करू?"

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मी बीएला आहे, बांधकामातलं मला काही कळत नाही. तरी "मी करते काहीतरी" असं बोलून बसले, आणि नंतर स्वतःचीच भीती वाटली.

देवळीच्या बाजारातून मी खालून खरबरीत असलेली रबराची चटई आणली आणि भिंतीला लावायचा एक स्टीलचा दांडा. आबाजींना भिंतीशी ताठ उभं करून त्यांच्या छातीएवढ्या उंचीवर खूण केली. गल्लीतल्या गवंड्यानं दांडा आडवा, पक्का बसवून दिला. मला वाटलं, झालं काम.

चार दिवसांनी पाहते तर चटई गायब. मायेला विचारलं.

"पेटीत ठेवली व. रोज ओली केली त खराब होईन नाई का? पाहुणे आले का टाकू."

"माय, ती आबाजींसाठी आणली ना!"

"आबाजी का पाहुणे हायेत?"

आणि दांड्यावर दोन टॉवेल, एक लुगडं आणि बाबांची बंडी वाळत होती. नव्या चटईचं जे झालं तेच दांड्याचं. रिकामी दांडी दिसली की आमच्या घरात कोणाला राहवत नाही. आबाजींनी धरायला हात घातला असता तर ओला टॉवेल हातात येऊन ते पुन्हा पडले असते. मी आणलेल्या वस्तूनंच. त्या विचारानं मला कॉलेजला जाताना बसमध्ये रडू आलं.

मग मी जरा गप्प राहून बघायचं ठरवलं. एका सकाळी बाबांनी आबाजींना कशीबशी आंघोळ घातली, तेव्हा मी त्यांना हाताला धरून मळ्यात नेलं. ते पालकाच्या वाफ्यात उकिडवे बसले आणि जुड्या बांधू लागले. उठायच्या वेळी त्यांनी मला हाक मारली नाही. दोडक्याच्या मांडवाला तिरपा टेकू दिलेला असतो ना, त्याला खाली गुडघ्याजवळ धरलं, मग हात वर सरकवत सरकवत उभे राहिले. म्हणजे ते बसलेल्या जागेवरून उठत होते. मी मात्र दांडा उभ्या माणसासाठी लावला होता. न्हाणीत ते पाटावर बसून आंघोळ करतात, हे रोज पाहूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

मी भीतभीत सांगितलं. आबाजी कितीतरी दिवसांनी हसले. "तसाच लाव मंग. तिरपा. अन् सुतळी मी गुंडाळतो. साबनाच्या हातात लोखंड राहते का?"

गवंड्यानं दांडा काढून तिरपा बसवला, खालचं टोक गुडघ्यापाशी. आबाजींनी त्यावर कुदळीच्या दांड्याला गुंडाळतात तशी घट्ट सुतळी गुंडाळली. बाबांनी त्याला लोंबकळून पाहिलं. तिरप्या दांड्यावर टॉवेल टिकेना. माय दोनदा टांगून पाहून कंटाळली.

राहिली दगडी फरशी. वापरून वापरून ती आरशासारखी गुळगुळीत झाली होती. एका रविवारी गल्लीत पाटे टाकवणारी बाई ओरडत आली. मायेनं पाटा बाहेर काढला, ठेचा नीट वाटला जात नव्हता म्हणून. बाई छिन्नीनं टाकी मारू लागली तसा गुळगुळीत पाटा खरबरीत होत गेला. मी बघत राहिले आणि एकदम म्हटलं, "मावशी, आमच्या न्हाणीलेही टाकी लावून द्याल का?"

ती हसायलाच लागली. "काय व पोरी, न्हाणीत चटणी वाटता का तुमी?"

माय लाजली. "लोकं काय म्हनतील!"

बाजेवरून आबाजी ओरडले, "म्हनू दे. ठोक व बाई, पाय टिकला पायजे!"

बाई न्हाणीत बसली. आधी तिनं तांब्याभर पाणी ओतून ते कुठून वाहतं ते पाहिलं, आणि त्याच दिशेनं बारीक टाकी मारत गेली, म्हणजे पाणी साचणार नाही. हे मला सुचलं नसतं. आता दर आठवड्याला ब्रशनं फरशी घासावी लागते, नाहीतर टाक्यांत साबण बसतो. ते काम मी घेतलं आहे. ही फरशी कोणाला पेटीत ठेवता येत नाही.

भाऊबीजेला आत्या आली तेव्हा न्हाणीचं दार लोटलेलं होतं.

"आबा कुठी हायेत?"

"आंघोय करून राह्यले," बाबा म्हणाले.

"एकटे? काऊन एकटे सोडले?" ती दाराकडे निघाली. बाबांनी तिला थांबवलं. आतून पाण्याचा आवाज येत होता. मग तो थांबला. उठायची वेळ ती. मी दाराजवळ सरकले. बाबाही.

आबाजी धोतर नेसून बाहेर आले. पाऊल टाकताना त्यांनी कोणाकडे पाहिलंही नाही.

आत्यानं आत जाऊन फरशीवर अनवाणी पाय घासून पाहिला, दांडा धरून खाली बसली, उठली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता, आणि हसूही येत होतं.

"मंग, येता का माया संग?" तिनं तरी विचारलंच.

"येईन ना. दोन दिवस, पाहुना म्हनून," आबाजी म्हणाले. "वाफ्यात मेथी उभी हाय, तिले कोन पाहीन?" आणि ते मळ्याकडे निघाले.

संध्याकाळी आत्या पालकाच्या जुड्या पिशवीत भरून एकटीच बसमध्ये चढली. खिडकीतून मला म्हणाली, "मायी बाथरूम पाहाले येजो व एखाद्या दिवशी. त्या टाइल्सवर मीच दोनदा घसरली, कोनाले सांगितलं नाई."

टाइल्सला टाकी मारता येत नाही, एवढंच मला माहीत होतं. बाकी तिथं काय करायचं ते काहीच नाही.

"येतो," मी म्हटलं. "पहिले तू आंघोय कशी करतं ते पाहीन."

"आत्ताच शहानी झाली!" आत्या म्हणाली, आणि बस सुटेपर्यंत हसत राहिली.