थोईचे डोळे आणि लालबागची भिंत

"मावशी, ये ना. आम्ही लालबागला एका चाळीची भिंत रंगवतोय," असं भाचीने, सायलीने, फोनवर सांगितलं. मे महिन्यात मुंबईला जाणं म्हणजे आपण होऊन वाफेत बसणं, तरी निघाले. पुण्याहून दादरची एसटी चार तासांत पोचवते म्हणतात, तुम्ही पाच धरून चला. मुक्काम दादरला बहिणीकडे. तिथून लालबागला टॅक्सीने शंभराच्या आसपास.

लालबागने ठसक्यानेच स्वागत केलं. या दिवसांत तिथे वर्षाचा मसाला कुटणं चालू असतं, रुमाल जवळ ठेवा. चाळीच्या कंपाउंडला शिड्या लावून सायली आणि तिचे कॉलेजचे दोस्त रंगवत होते. रंगावरून, चेहऱ्यावरून ज्यांना चिडवून हाका मारल्या जातात, अशा तिथल्याच माणसांचे चेहरे. मधोमध थोई. ही मणिपूरची, परळच्या एका हॉस्पिटलात नर्स, काही वर्षं चाळीत भाड्याने राहते. गल्लीत तिचं नाव 'चिनी'. खूप मागे लागल्यावर तिने फोटो दिला होता. "सच में मेरा बनाओगे?" असं दोनदा विचारून.

डोळे मात्र सायलीने नितीनवर सोडले होते. तो थोईच्या समोरच्याच खोलीत राहतो आणि गणपतीच्या कारखान्यात डोळे आखतो. "डोळे शेवटी, मावशी," तो मला म्हणाला. "मूर्तीला पण तसंच असतं."

दुसऱ्या दिवशी जवळच्या मालवणी खानावळीत जेवलो. बांगडा थाळी दोनशेच्या आतबाहेर, सोलकढी फर्मास, पण उशिरा गेलात तर बांगडा संपलेला असतो. जेवून आल्यावर नितीनने डोळे काढले. टपोरे, लांब, कानाकडे निमुळते होत गेलेले. हात एकदाही अडखळला नाही. गॅलरीतून एक काकू ओरडल्या, "आता कशी लक्ष्मी दिसतेय बघ!" मलाही आवडले, खोटं कशाला बोलू.

संध्याकाळी थोई ड्यूटीवरून आली. बराच वेळ भिंतीसमोर उभी राहिली.

"अच्छा है," ती म्हणाली. मग हळूच, "रास्ते में लड़के बोलते हैं, आँख खोल. तुमने खोल दी."

"अरे, मैंने तो अच्छाच बनाया ना..." नितीन म्हणाला, पण ती जिना चढायला लागली होती. कुणी कुणाकडे बघेना. नितीनने पांढरा रंग घेतला आणि दोन्ही डोळ्यांवरून ब्रश फिरवला. मला फार वाईट वाटलं, तिच्यासाठी आणि त्याच्यासाठीही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो थोईची वाट बघत जिन्यातच बसून होता. "थोडा टाइम सामने बैठ ना. देखके बनाता हूँ."

"रहने दो." मास्क लावून, भिंतीकडे न बघता ती कामाला गेली.

बाकीचे चेहरे पुरे झाले. मी ओळखीच्या दुकानातून किलोभर मसाला घेतला आणि परतीची गाडी पकडली. सायली सोडायला आली होती.

पुण्यात आल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. थोईने खोली सोडली होती, शिवडीला कुठेतरी गेली म्हणे. फोनही उचलत नव्हती. चाळीतले लोक मागे लागले होते, बिनडोळ्यांचं चित्र बरं दिसत नाही, कसले तरी डोळे काढून टाका. नितीन तयार नव्हता.

"फोटो आहे ना तिचा," मी म्हटलं. "त्यावरून काढ म्हणावं त्याला."

नितीन सायलीच्या शेजारीच असावा. फोन त्याच्या हातात गेला.

"मावशी, फोटो तेव्हापण होता."

फोन ठेवून मी थोईचा चेहरा आठवून पाहिला. मास्क आठवला, आवाज आठवला. डोळे मात्र सारखे भिंतीवरचेच आठवत राहिले.