स्पीकर तपासताना

आळेफाट्याला गाड्यांत स्पीकर बसवणारा माझा एक दोस्त आहे. गाडी कुठलीही असो, स्पीकर तो एकाच अल्बमवर तपासतो. परदेशी गेलेल्या त्याच्या लेकीनं तिकडच्या स्टुडिओत केलेल्या, जॅझ पियानोच्या! ट्रक ड्रायव्हर वैतागतात, "राव, ह्ये काय लावलंय? डीजे लाव की!"

"थांबा पावणं, बास तपासतोय," दातांत वायर धरून हा दरडावतो आणि आवाज पूर्ण चढवतो.

गाण्याच्या सुरुवातीला साथीदारांना लय द्यायला लेक चक्क मराठीत मोजते, "एक, दोन, तीन, चार!" अख्खा फाटा ऐकतो. मग पियानो सुरू होतो आणि हा लगेच आवाज एकदम बारीक करतो.

"अरे, खरी मजा तर आता सुरू झाली!" मी एकदा चिडवलं.

"आसंल भाऊ. पर ती बोलती तेवढंच," तो म्हणाला आणि त्यानं गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं.