खुनी बायकांचे चेहरे

चित्रकलेचं कॉलेज संपल्यावर मला मिळालेलं पहिलं मोठं काम म्हणजे इतिहासातल्या खुनी बायकांचं पुस्तक. डोंबिवलीतले एक लहानसे प्रकाशक ते काढणार होते. खऱ्या हकिकती आणि प्रत्येकीला एक पानभर चित्र. मी हौसेने चार चित्रं करून घेऊन गेले.

"सगळ्या सख्ख्या बहिणी वाटतायत," ते म्हणाले. "त्याही सिनेमातल्या. परत काढा."

ठाण्याच्या घरी येऊन मी दाराशीच चित्रं पसरून बसलेले, तेवढ्यात मासेवाल्या मावशी आल्या. बाळकुमहून पाटी घेऊन यायच्या, खाडीची कोळंबी, बोय, कधी चिंबोऱ्या. मी लहान होते तेव्हापासून.

"ही कोन गो, डोले वटारून बसलेली?"

मी सांगितलं, परदेशातली शेतकरीण, नवऱ्याला महिनाभर जेवणातून विष दिलं.

"मंग तो जेवला कसा? असं तोंड करून वाढलं तर कुत्रा पन खानार नाय." त्यांनी पाटी खाली ठेवली. "ती रोजच्यासारखीच वाढत असंल. म्हनून तर मेला तो."

मला असाच रोजचा चेहरा हवा होता. न राहवून म्हटलं, "मावशी, तुम्ही बसाल का माझ्यासमोर? तुमचा चेहरा काढते."

"खुनी बाईला माझं तोंड?" पाटी उचलून त्या जिना उतरल्या. आठ दिवस फिरकल्या नाहीत. आई माझ्यावर जाम चिडली आणि मलाही स्वतःची लाज वाटत होती.

नवव्या दिवशी दुपारी, विक्री आटपून, त्या धुतलेलं लुगडं नेसून आल्या. "बसते. पन आधी सांग, तिनं कशाला मारला त्याला?"

मग रोज दुपारी तसंच. आधी हकिकत, मग चित्र. ऐकताना त्यांचा चेहरा बदलायचा, कधी कीव, कधी राग, एकदा तर चक्क हसू. तेच मी कागदावर उतरवायचे. एकीने तान्ह्या पोरांना मारलेलं. ते ऐकून त्या उठल्याच. "हिच्यासाठी नाय बसनार." त्या पानावर मी पाठमोरी बाई काढली. प्रकाशकांना सगळ्यात तेच चित्र आवडलं.

पुस्तकात त्यांचे आभार छापू म्हटलं तर हात जोडले त्यांनी. "या बायांच्यात माझं नाव नको गो. मला माझं एक काढून दे, पाटीसकट."

ते मात्र मी दोनदा फाडून तिसऱ्यांदा काढलं. इतक्या दिवसांत प्रत्येक बाई त्यांच्यात शोधली होती, त्या स्वतः कशा दिसतात हे नव्याने बघावं लागलं. त्यांच्या लेकीच्या हळदीला बाळकुमला गेले तेव्हा ते चित्र ओटीवर लावलेलं होतं, काच बसवून. येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगत होत्या, "हिनं काढलंय."

पुढे मी शेकडो चेहरे काढले, बहुतेक शाळेच्या पुस्तकांसाठी. माणूस काय करतो हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं नसतं, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मावशींनी शिकवलं, तेही मी त्यांना दुखावल्यावर परत येऊन.